जर्मन पोटदुखी

अहो, ऐकलंत का? बीएमडब्ल्यूच्या त्या नव्या एम-फाइव्हचं वजन! अडीच टनाला टेकलंय म्हणे. चार दारांची सेडान हो, टेम्पो नव्हे! ७२७ हॉर्सपॉवर दिलीय, खाली बॅटरी घातलीय, गिअरबॉक्समध्ये मोटर बसवलीय, आणि वर म्युनिकवाले म्हणतायत, चालवून तर बघा, वजन जाणवत नाही. न जाणवायला काय झालं? पहिली एम-फाइव्ह १९८५ ला आली तेव्हा साडेचौदाशे किलोच्या आतबाहेर होती. म्हणजे चाळीस वर्षांत एक टन अंगावर चढलं की! आकडा जाहीर झाला त्या दिवशी आमच्या ह्यांनी चहा अर्धा टाकला. आमच्या दारात कुठली गाडी उभी असते ते तुम्ही रोज बघताच, पण सुतक मात्र एम-फाइव्हचं.

मी ह्यांना म्हटलं, यात नवल ते काय? त्या जर्मन घरांमधून आजवर जे काही चांगलं निघालं ना, ते एक तर साहेबांच्या नकळत निघालं, नाही तर शेजाऱ्याबद्दलच्या पोटदुखीतून. सरळ मार्गाने, मीटिंगा भरवून, फायली फिरवून काही धड निघाल्याचं मला तरी… पण थांबा, पहिल्यापासूनच सांगते.

म्युनिकची बीएमडब्ल्यू आणि श्टुटगार्टची मर्सिडीज, या दोन घरांची तेढ कशावरून, ते तुम्हाला ठाऊकच आहे. १९५९ चा डिसेंबर. बीएमडब्ल्यू पार डबघाईला आलेली. एकीकडे कुणालाच परवडू नये अशी ती देखणी ५०७, दुसरीकडे पुढून दार उघडणारी चिमुकली इझेट्टा, आणि मधल्या गिऱ्हाइकाला दाखवायला काहीच नाही. श्टुटगार्टचे डाइमलर-बेंझवाले, म्हणजे मर्सिडीजवाले, टपूनच बसलेले. भागधारकांची सभा भरली, कागद तयार, बँकवाले तयार, आता फक्त हात वर करायचे… आणि छोटे भागधारक उठले हो! कुणी वकील, कुणी कोळशाचे व्यापारी, कुणी गाड्या विकणारे डीलर. त्यांनी ताळेबंदातच खोट काढली आणि सभा तहकूब करायला लावली. श्टुटगार्टकरांच्या तोंडचा घास गेला! मग हर्बर्ट क्वांटांनी, ज्यांना धड दिसतसुद्धा नव्हतं बरं का, त्यांनी आपला पैसा घातला आणि घर तारलं. गंमत बघा, क्वांटांच्या तिजोरीत डाइमलरचेही शेअर्स होते. तरी मन बसलं म्युनिकवर! दोन वर्षांत, १९६१ ला, फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ‘नॉए क्लासे’ची १५०० उभी राहिली. ज्यांनी आपल्याला गिळायला तोंड उघडलं होतं त्यांच्या नाकावर टिच्चून पुढे जायचं, हे तेव्हापासून म्युनिकच्या मनात पक्कं बसलं.

आता चोरीचा मामला ऐका. त्या १५०० नंतर १९६६ ला दोन दारांची छोटी १६०० आली. सुबक, हलकी, स्वस्त. इंजिनवाले साहेब ॲलेक्स फॉन फाल्केनहाउझेन, त्यांनी काय केलं, स्वतःच्या १६०० मध्ये दोन लिटरचं मोठं इंजिन गुपचूप बसवून घेतलं. बोलले कुणाला नाहीत. आणि गाड्यांची आखणी बघणारे हेल्मुट वेर्नर ब्योन्श, त्यांनीही स्वतःच्या गाडीत तेच केलेलं! तेही कुणाला बोलले नाहीत. एके दिवशी दोघांच्या गाड्या एकाच वेळी वर्कशॉपला आल्या आणि दोघांचंही बिंग फुटलं. मोठ्या साहेबांपुढे आता एकेकट्याने जाण्यात अर्थच नव्हता, दोघं मिळूनच गेले. त्यात अमेरिकेतले व्यापारी मॅक्स हॉफमन, जोरदार गाडी द्या, जोरदार गाडी द्या, म्हणून मागे लागलेलेच. झाली मग १९६८ ला २००२! ज्या गाडीने बीएमडब्ल्यूचं नाव अमेरिकेत घरोघरी नेलं, ती दोन साहेबांच्या चोरट्या हौसेतून झाली.

आणि ते बुखलोएचे बोफेनझीपेन? बुर्कार्ड बोफेनझीपेन हो, अल्पिनावाले! वडिलांची टाइपरायटरची कंपनी, तिचंच नाव अल्पिना. मुलाने टाइपरायटर सोडला आणि १५०० साठी दोन कार्ब्युरेटरचा संच काढला. म्युनिकवाल्यांनी गाडी तपासली, आणि रागावणं राहिलं बाजूला, हा संच बसवला तरी आमची वॉरंटी चालेल म्हणाले. पुढे त्याच माणसाने वाइनचाही धंदा मांडला. इंजिन एका हाताला, द्राक्षं दुसऱ्या हाताला, आणि दोन्ही उत्तम! २०२२ मध्ये शेवटी अल्पिनाचं नाव बीएमडब्ल्यूने घेतलं, आणि पुढच्याच वर्षी बोफेनझीपेन गेले… असो.

तर काय सांगत होते, श्टुटगार्ट. तिकडे काय सगळे सोवळ्यातले, असं वाटतं तुम्हाला? छे हो! एरिश वाक्सनबर्गर नावाचे इंजिनिअर. मर्सिडीजवर टोमणे चाललेले, म्हाताऱ्यांच्या गाड्या, म्हाताऱ्यांच्या गाड्या. त्यांना ते लागलं. ‘६००’ नावाची ती अवाढव्य लिमोझिन होती ना, राष्ट्राध्यक्षांची, तिचं ६.३ लिटरचं व्ही-एट त्यांनी ऑफिसची वेळ संपल्यावर लहान गाडीत बसवून टाकलं. मोठे साहेब रुडॉल्फ उलेनहाउट, ते ती गाडी घेऊन निघाले आणि म्हणतात की पहिल्याच सिग्नलला खाली उतरून बॉनेट उघडून बघायला लागले, हे आत बसवलंय तरी कसं! १९६८ ला जिनिव्हात ३०० एसईएल ६.३ आली. २५० हॉर्सपॉवर, वेग तासाला २२० किलोमीटर, आणि दिसायला? लग्नाला जाणाऱ्या शेटजींची गाडी. अंगावर एकसुद्धा आगाऊ पट्टा नाही.

आणि याच गाडीवर त्या दोघांचा डोळा गेला. हान्स वेर्नर आउफरेख्ट आणि एरहार्ड मेल्शर, दोघेही डाइमलरमधलेच. कंपनीने शर्यतीचं काम बंद केलं, पण यांची खुमखुमी कुठे बंद व्हायला? आउफरेख्टांच्या घरी, ग्रोसआस्पाखला, रात्री-अपरात्री इंजिनं खोलत बसायचे. १९६७ ला नोकरी सोडून बुर्गश्टालच्या जुन्या गिरणीत दुकान थाटलं आणि पाटी लावली एएमजी. पाटीवर एक आउफरेख्ट, एक मेल्शर आणि तिसरं ग्रोसआस्पाखचं अक्षर. लोकांनी मनावर घेतलं नाही. मग १९७१ आलं. बेल्जियममधलं स्पा, चोवीस तासांची शर्यत. सगळ्यांच्या सडपातळ गाड्या रांगेत उभ्या, आणि त्यांच्यात ही लालभडक, दांडगी, चार दारांची ३०० एसईएल, इंजिन वाढवून ६.८ केलेलं. लोक हसले हो तोंडावर! नावच पडलं ‘रोटे झाऊ’, म्हणजे लाल डुकरीण. पेट्रोल आणि टायर इतके खायची की सारखी थांबायची, तरी चोवीस तासांनंतर दुसरी आली, आणि आपल्या गटात पहिली! संध्याकाळी टीव्हीवर, दुसऱ्या दिवशी पेपरात, सगळीकडे डुकरीणच. हसणाऱ्यांनी मग तोंडं कुठे लपवली कोण जाणे.

आणि पुढे तिचं काय झालं, ते तर कहरच. फ्रान्सच्या मात्रा कंपनीने ती विकत घेतली. शर्यतीला नाही हो! विमानाची चाकं तपासायला! अंग कापून लांब केलं, मध्ये विमानाचं चाक टेकवायची सोय केली, आणि धावपट्टीवर पळवली. दुसरा नंबर काढलेल्या बाईच्या वाट्याला असं यावं…

तर काय सांगत होते, म्युनिक. १९७२ ला त्यांनी फोर्डाच्या घरातला माणूस पळवला, योखेन नेरपाश. फोर्डाच्या काप्री गाड्या शर्यतीत बीएमडब्ल्यूला सळो की पळो करत होत्या, म्हणून त्यांचाच माणूस आणला! त्याच्या हाती ‘बीएमडब्ल्यू मोटरस्पोर्ट’ नावाची वेगळी कंपनी दिली, तेच तुमचं आजचं ‘एम’. त्यांनी ३.० सीएसएल काढली. दारं, बॉनेट, डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं, बाजूच्या काचा काचेच्या नाहीतच, प्लास्टिकच्या. १९७३ ला तिला मागे उंचच उंच पंख लावला, पण जर्मनीच्या रस्त्यावर तो लावायला बंदी. मग काय केलं म्हणता? गिऱ्हाइकाला गाडी दिली आणि पंख डिकीत ठेवून दिला! घरी जा, काय ते तुमचं तुम्ही बघा.

त्याच वर्षी २००२ टर्बो आणली. आता इथे म्युनिकवाल्यांचा आगाऊपणा बघा. पुढच्या बंपरखाली ‘टर्बो’ आणि ‘२००२’ ही अक्षरं उलटी काढली. उलटी का? तर पुढच्या गाडीवाल्याने आरशात पाहिलं की त्याला सुलटी दिसावीत आणि त्याने मुकाट्याने बाजूला व्हावं! अहो, वेळ कुठली ती? तेलाचं संकट दारात, पेट्रोल मिळेना, रविवारी गाड्या बंद. केवढा गहजब झाला! जर्मन संसदेत त्या अक्षरांवर बोलणं झालं म्हणतात. अक्षरं गेली, आणि गाडीही १,६७२ नगांवर आटोपली. आज तीच उलटी अक्षरं असलेली गाडी मिळावी म्हणून लोक जीव टाकतात.

त्यानंतर एम-वन. तिचं लांबण लावत नाही. इटलीच्या लॅम्बोर्गिनीला बनवायला दिली, त्यांच्याकडे पैशांची बोंब, काम रखडलं, गाडी परत आणावी लागली, आणि शेवटी जोडली कुठे? बाउरच्या कारखान्यात, श्टुटगार्टला! साडेचारशेच्या आसपास निघाल्या, म्हणजे फार नाहीत. पण इंजिन सोन्यासारखं. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून मोटरस्पोर्टवाल्यांनी ते साध्या दिसणाऱ्या पाच सीरिजमध्ये उतरवलं. तीच १९८५ ची एम-फाइव्ह. २८६ हॉर्सपॉवर, हाताने जोडलेली, आणि शेजारी उभ्या असलेल्या बँक मॅनेजरच्या ५१८ मधून ओळखू येईना. तेव्हा जगातली सगळ्यात वेगवान सेडान म्हणून मिरवली.

आता ऑडीच्या गावाकडे, इंगोलश्टाटकडे वळते, कारण तिथली गोष्ट बायकांची आहे. ऑडीत तेव्हा फर्डिनांड पिएख. पोर्शेंचे नातू हो, मुलीकडचे. १९७२ ला त्या घराने ठरवलं, कारभारात घरचं माणूसच नको, इतकी आपसात… मग हे बाहेर पडले आणि ऑडीत जाऊन बसले. १९७७ च्या हिवाळ्यात त्यांचे इंजिनिअर यॉर्ग बेनझिंगर फिनलंडच्या बर्फात गाड्या तपासत होते. बरोबर इल्टिस नावाची लष्करी जीप, जेमतेम ७५ हॉर्सपॉवरची. तर बर्फावर ती भल्याभल्या गाड्यांना मागे टाकायला लागली! का, तर चारही चाकांना ताकद. तिथे डोक्यात आलं, हेच सेडानमध्ये घातलं तर?

नमुना तयार झाला, बर्फाच्या घाटात साध्या उन्हाळी टायरवर चढवून दाखवला, सगळे साहेब खूश. पण फोक्सवॅगनचे एर्न्स्ट फियाला, त्यांनी गाडी घरी नेली व्हिएन्नाला आणि बायकोला दिली बाजारहाटाला. त्या बाईने गाडी चालवली आणि सरळ सांगितलं, वळवताना ही उड्या मारते! झालं. एवढे सगळे डॉक्टरेटवाले इंजिनिअर, बर्फात महिने काढलेले, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. वळताना पुढची चाकं लांबचा रस्ता कापतात, मागची जवळचा, आणि मध्ये दोघांना मोकळीक द्यायला डिफरन्शियलच नाही! मग पळापळ झाली. गिअरबॉक्सच्या आत एक पोकळ दांडा घालून मधलं डिफरन्शियल बसवलं आणि १९८० ला जिनिव्हात क्वाट्रो कूपे उभी राहिली. त्या बाईंचं नाव कुठे बिल्ल्यावर आलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि १९८१ ला सानरेमोची रॅली! मिशेल मूतों, फ्रेंच बाई, शेजारी नकाशा घेऊन फाब्रित्सिया पोन्स, दोघींनी क्वाट्रो पळवली आणि पहिल्या आल्या. जागतिक रॅलीत बाई पहिली यायची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी आणखी तीन जिंकल्या आणि जगज्जेतेपद थोडक्यात गेलं. १९८५ ला अमेरिकेत पाइक्स पीकचा डोंगर सर केला, तोही विक्रमाने. तिथल्या पुरुषमंडळींना ते काही पचलं नाही…

तर काय सांगत होते! या क्वाट्रोमुळे श्टुटगार्टची पंचाईत झाली. त्यांनी छोटी १९० रॅलीसाठी तयार करायला इंग्लंडमध्ये कॉसवर्थकडे इंजिन दिलेलं, १६ व्हॉल्व्हचं. आता चारही चाकं ओढणाऱ्या क्वाट्रोपुढे मागची दोन ओढणारी मर्सिडीज काय टिकणार? मग म्हणाले, रॅली राहू द्या, सपाट ट्रॅकवर पळवू. इटलीत नार्दोच्या गोल ट्रॅकवर १९८३ ला तिने ५०,००० किलोमीटर काढले, सरासरी तासाला जवळजवळ २४८. रात्रंदिवस, आठवडाभराहून जास्त.

आणि १९८४ च्या मे महिन्यात नुर्बुर्गरिंगचा नवा ट्रॅक उघडला, तेव्हा मर्सिडीजने काय बडेजाव केला! जुने-नवे फॉर्म्युला वनचे महारथी बोलावले. ब्रॅबहम, हंट, सर्टीस, लाउडा, प्रोस्ट, रोझबर्ग, आणि सगळ्यांना एकसारख्या १९० दिल्या. फिट्टिपाल्डी अमेरिकेत अडकले म्हणून त्यांच्या जागी ब्राझीलचाच एक चोवीस वर्षांचा पोरगा आला. प्रोस्टने पुढे स्वतःच सांगितलंय, विमानतळावरून या पोराला मीच गाडीत घालून आणला, वाटेत छान गप्पा मारल्या, आणि सरावात मी पहिला आणि हा दुसरा आल्यापासून हा माझ्याशी बोलेना. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत त्याने प्रोस्टला ढकलून बाहेर काढलं! पावसात पहिला आला. लाउडा दुसरा. ज्याला कुणी ओळखत नव्हतं, त्या आयर्टन सेनाची ती गाडी आज मर्सिडीजने जपून ठेवलीय.

ही बातमी म्युनिकला पोचल्यावर काय झालं असेल, सांगायला हवं का? मोठे साहेब एबरहार्ड फॉन क्युनहाइम मोटरस्पोर्टमध्ये चक्कर मारायला आले आणि निघता निघता पाउल रोशेंना म्हणाले, तीन सीरिजसाठी एक जोरदार इंजिन हवं. रोशेंनी फाइल उघडली नाही, समिती नेमली नाही. एम-वनच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचं हेड घेतलं, करवतीने दोन सिलिंडरएवढा तुकडा कापून टाकला, आणि मागे जे भगदाड पडलं त्यावर पत्रा वेल्ड करून बंद केलं. झालं चार सिलिंडरचं! दोन आठवड्यांत इंजिन गाडीत, आणि रविवारी गाडी थेट साहेबांच्या दारात. साहेबांनी एक चक्कर मारली आणि पसंत केली. तीच पहिली एम-थ्री. शर्यतीत उतरवायची तर नियमाप्रमाणे वर्षात ५,००० विकायला हव्यात, म्हणून तर ती तुम्हाआम्हाला मिळाली. नाही तर कोण देतंय!

मग जर्मनीतल्या टूरिंग कार शर्यतींत जी जुंपली, विचारू नका. त्यांनी पंख लावला की यांनी मोठा लावला. १९९० ला १९० ची इव्होल्यूशन टू आली, अवघ्या ५०२ काढल्या, पण मागचा पंख असा की बघणाऱ्याने गाडी नंतर बघावी. बीएमडब्ल्यूचे वोल्फगांग राइत्झले कुत्सितपणे म्हणाले म्हणे, म्युनिकचे आणि श्टुटगार्टचे हवेचे नियम वेगळे दिसतात, हा पंख खरंच चालत असेल तर आम्हाला आमचा विंड टनेल नव्याने बांधावा लागेल. आणि १९९२ ला ती मर्सिडीजच चॅम्पियन झाली! विंड टनेलचं पुढे काय झालं, ते राइत्झलेंना कुणी विचारलं की नाही कोण जाणे. त्याआधी दोन वर्षं ऑडीने आपली जडशीळ व्ही-एट आणून दोघांनाही धूळ चारली होती. पण १९९२ ला तिचा क्रँकशाफ्ट नियमात बसत नाही असा निकाल लागला, आणि इंगोलश्टाटवाले भर हंगामात चंबूगबाळं आवरून निघून गेले. जाताना तोंडं बघण्यासारखी झाली असणार.

आणि पोर्शेचं ऐकलंत ना? तेव्हा त्यांच्या घरी पैशांची तंगी. मर्सिडीजची ५०० ई होती, तिची चाकांवरची अंगं इतकी रुंद केली की ती स्वतःच्याच कारखान्यात लाइनवर बसेना. मग पोर्शेला म्हणाले, तुमच्याकडे जागा रिकामी आहे, करता का? केलं बिचाऱ्यांनी. एकेक गाडी दोन्ही कारखान्यांमध्ये जा-ये करत अठरा दिवसांनी तयार व्हायची. पुढे ऑडीची आरएस-टू सुद्धा त्यांच्याकडेच जोडली, ब्रेक आणि आरसे पोर्शेचेच लावून. त्या वर्षांत पोर्शेची चूल शेजाऱ्यांनी पेटती ठेवली, आणि आज बघा त्यांचा तोरा!

ओपेल राहिलंच की! साधी, मास्तरांच्या घरात शोभेल अशी ओमेगा, ती इंग्लंडला लोटसकडे पाठवली आणि ३७७ हॉर्सपॉवर घालून आणली, वेग २८३. इतर जर्मन घरांनी तर आपसात ठरवलेलं, २५० च्या वर इलेक्ट्रॉनिक लगाम घालायचा, उगाच सरकारचा डोळा नको. ओपेलने तो जुमानला नाही. इंग्लंडमध्ये ही गाडी बंद करा म्हणून पेपरांनी आरडाओरडा केला. आणि १९९३ ला एक गाडी चोरीला गेली. चोरांनी त्या गाडीतून सिगारेटी-दारूची दुकानं फोडली आणि पोलिसांना ती काही केल्या गाठता येईना. पोलिसांकडे तेवढी वेगवान गाडीच नव्हती!

आता पुढचं भराभर सांगते, कारण पुढे सगळं रीतसर झालं, आणि रीतसर झालं की गप्पांना काय उरतं? पुढे अफाल्टरबाखला गेलेल्या एएमजीला मर्सिडीजने आधी करारात बांधलं, १९९३ ला दोघांची सी-३६ आली, १९९९ ला निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला, २००५ ला अख्खी कंपनी. एक माणूस, एक इंजिन, ही रीत मात्र ठेवली. माझा भाचा श्टुटगार्टला असतो, त्याने फोटो पाठवला होता. इंजिनाच्या काळ्या झाकणावर बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी, आणि तिच्यावर ज्याने ते जोडलं त्याची सही, छापलेली असली तरी वळण त्याच्या हाताचं. मला ते आवडलं हो. पण नंतरच्या व्ही-एटवर ६.३ चा बिल्ला, आणि आत इंजिन भरतं ६,२०८ सीसी! वाक्सनबर्गरांच्या जुन्या ६.३ चं पुण्य वापरलं, दुसरं काय.

म्युनिकवाले तरी काय कमी? २००३ ची एम-थ्री सीएसएल, छप्पर कार्बनचं, डिकीचा तळ कागदी पुठ्ठ्याच्या जाळीचा, एसी आणि रेडिओ मुद्दाम मागितला तर! आणि किंमत नेहमीच्या गाडीपेक्षा जास्त. लोकांनी रांगा लावल्या. दोन वर्षांनी एम-फाइव्हला व्ही-टेन दिलं, ५०७ हॉर्सपॉवर, आठ हजारांच्या वर फिरणारं. तो आवाज आमच्या ह्यांनी फोनवर ठेवलाय. पुढच्या एम-फाइव्हला टर्बो लावले, आवाज दबला, तर म्युनिकवाल्यांनी स्पीकरमधून इंजिनाचा आवाज काढायला सुरुवात केली! गाणी लावायच्या स्पीकरमधून! आणि श्टुटगार्टवाल्यांनी तर नव्या सी-६३ मध्ये व्ही-एट काढून चार सिलिंडरचं इंजिन आणि मोटर बसवली. ६८० हॉर्सपॉवर आहे, नाही कोण म्हणतं? पण गिऱ्हाइक शोरूममध्ये आलं, बॉनेट उघडून बघितलं आणि ‘कळवतो’ म्हणून गेलं. ‘कळवतो’चा अर्थ आपल्याला स्थळं बघताना चांगला कळतो.

आपल्याकडेही पोचलंय हं हे सगळं. ज्या अंगाची ती ५०० ई, तेच अंग १९९५ पासून आपल्या पिंपरीत टेल्कोबरोबर जोडलं जात होतं, फक्त इंजिन साधंसुधं. आणि २०२० ला चाकणला पहिली भारतात जोडलेली एएमजी निघाली, जीएलसी ४३ कूपे. नावाला कूपे, उंचीला जीप! चाकणच्या रस्त्यावर तिला दुसऱ्या गिअरच्या वर जाताना कुणी पाहिलं असेल तर मला सांगा.

मला विचाराल तर दोष बॅटरीचा नाही. हवा खराब होते, कायदे कडक झाले, हे मलाही समजतं. पण आता म्युनिक, श्टुटगार्ट, इंगोलश्टाट तिघेही एकमेकांकडे बघायच्या आधी नियमाच्या वहीकडे बघतात. कुणी साहेबाच्या नकळत काही करत नाही. सगळ्यांना सगळं हवं. मऊ बैठक हवी, मोठी काच हवी, मोटर हवी आणि व्ही-एटही हवं. प्रत्येकाचं एकेक म्हणणं मान्य झालं की खर्च किती वाढतो, ते आपल्या सोसायटीच्या कमिटीत आपण बघतोच. तिथे पैसा वाढतो, इथे किलो वाढले.

आता विजेवरची एम-थ्री येऊ घातलीय, आणि म्युनिकने त्या नव्या गाड्यांना नाव दिलंय ‘नॉए क्लासे’. १९६१ चंच नाव हो! नाव आणलंत ते ठीक, पण फाल्केनहाउझेन आणि ब्योन्शसारखे दोघं कुठून आणणार, ते काही बोलले नाहीत. ह्यांना म्हटलं, त्या मोटरशी गुपचूप खटपट करणारं कुणीतरी तिथे असेलच, अशी माणसं काही संपत नाहीत. तर हे म्हणाले, आता सगळं सॉफ्टवेअरवर असतं, गुपचूप काही करता येत नाही, लगेच कळतं. बघा, म्हणजे तीही सोय गेली… बरं, तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी नवी गाडी बुक केलीय म्हणे, खरं का? कुठली घेतली, काही बोलले?